जास्त सीसी म्हणजे भारी?

गेल्या वर्षी मे महिन्यात सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी चेनसॉ आली आणि ती निवडली होती मी! घरात मेकॅनिकलची विद्यार्थिनी असताना दुकानदाराला कोण विचारणार? (कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी यथातथाच आहे, सांभाळून घ्या.)

आमच्याकडे आंघोळीचं पाणी अजून न्हाणीतल्या चुलीवर तापतं. गीझर आहे, पण आजीला चुलीचंच पाणी लागतं. पावसाळ्याआधी आंब्या-काजूच्या वाळलेल्या फांद्यांचे दीड-दीड फुटांचे तुकडे करून मांगरात रचायचे, हे काम काकांचं. वय एकसष्ट, उजवा खांदा दुखरा. वर्षातून चार-पाच दिवसांचं काम.

मी काय केलं? सगळ्यात मोठा आकडा बघितला. 58 सीसी, 22 इंची बार. पेट्रोल आणि ऑईल भरल्यावर वजन सात किलोच्या आसपास. पहिल्याच दिवशी काका म्हणाले, "बाय, ह्या माका झेपाचा नाय गो." मी म्हटलं, सवय होईल. दुसऱ्या दिवशी दमलेल्या हातातून बारचं टोक खाली झुकलं, मागच्या ओंडक्याला लागलं आणि मशीन उसळून काकांच्या तोंडाकडे आलं. चेन ब्रेक लागला म्हणून निभावलं. काका काही बोलले नाहीत, नुसते पायरीवर बसून राहिले. मग मात्र मी खरा अभ्यास केला. तोच इथे मांडते.

आधी बारची लांबी. तुमचं नेहमीचं लाकूड जेवढं जाड, त्यापेक्षा दोन इंच जास्त बार पुरतो. आमच्या फांद्या आठ-दहा इंची, म्हणजे 12 ते 14 इंची बार भरपूर झाला. लांब बारचं वजन हातापासून लांब असतं, त्यामुळे मनगटावर आणि खांद्यावर मोमेंट वाढतो. फर्स्ट इयरला शिकलेलं, पण दुकानात आठवलं नाही! शिवाय लांब बारचं टोक कुठे आहे, हे कळत नाही. टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की चेन तिथे अडकते आणि सगळी ताकद बारला वर आणि मागे फेकते. हाच किकबॅक. लहान गोलाईच्या टोकाचा बार आणि लो-किकबॅक चेन घेतली की तो कमी होतो, पण शून्य होत नाही. म्हणून चेन ब्रेक दुकानातच चालवून बघा.

मग ताकद. छोट्या बारला 30-35 सीसी इंजिन पुरतं. असं मशीन सगळं भरून साधारण पाच किलोचं होतं. दोन किलोचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, तासाभराने विचारा! मात्र नुसतं हलकं बघूनही चालत नाही. ताकद कमी पडली की माणूस वरून दाबायला लागतो आणि तिथेच चुकतो. हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंग आहे का, तेही बघा. नाहीतर कंपनाने बोटं बधिर होतात.

आता पेट्रोल की वीज? टू-स्ट्रोक इंजिनात 50:1 प्रमाण असेल तर लिटरला 20 मिली ऑईल मिसळायचं. काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं. महिनोन्‌महिने राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकट होतं आणि आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावाही धरतं. वर्षातून एकदा वापरणाऱ्यांची मशीन्स बहुतेक इथेच मरतात.

वायरवाल्या मशीनला ही कटकट नाही. पण 2000 वॅटची मशीन 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर घेते. तेव्हा 16 अँपिअरचा पॉईंट आणि जाड वायर हवी. पावसात अजिबात नाही. बॅटरीवाली सगळ्यात सोयीची. पण हिशोब करा: 36 व्होल्ट, 5 अँपिअर-अवर म्हणजे 180 वॅट-अवर. एक किलोवॅटने कापलं तर सलग दहा-अकरा मिनिटं. फांद्यांना ठीक, मोठ्या ढिगाला दुसरी बॅटरी लागेल.

एक गंमत सांगते. 1946 साली अमेरिकेत जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी अळी बघितली आणि तिच्या जबड्यावरून चेनचे दात बनवले. आजची चेन त्याच घराण्यातली. हे दात रंध्यासारखे लाकूड सोलतात. म्हणून कापताना कपचे पडले तर चेन धारदार. पिठासारखा भुसा पडला तर कानस घ्या. बोथट चेनला हलकं मशीनही जड वाटतं. आणि मशीन कुठलंही असो, बारला चेन ऑईल लागतंच.

बाकी नियम साधे: दोन्ही हात, खांद्याच्या वर कधीच नाही, गॉगल, कानांना मफ, जाड बूट आणि हाकेच्या अंतरावर दुसरं माणूस.

काकांसाठी या वर्षी 14 इंची छोटी मशीन घेतली. या वेळी आधी त्यांच्या हातात दिली, मग आकडे वाचले. मांगर भरला, खांदा दुखला नाही. आम्हाला स्पेसिफिकेशन वाचायला शिकवतात, पण मशीन उचलणाऱ्याला विचारायला मला काकांनी शिकवलं.