शनीच्या कड्यांतील फटी

दुर्बिणीतून शनी प्रथमच पाहणाऱ्याच्या तोंडून आश्चर्याचा उद्गार निघाल्यावाचून राहत नाही. पिवळसर गोलाभोवती, त्याला कोठेही न शिवता, एक चपटे कडे तरंगत असते. इ. स. १६७५ मध्ये पॅरिस येथे कॅसिनी या ज्योतिर्विदाला त्या कड्यावर एक काळी रेषा दिसली. ती रेषा म्हणजे फट होती. एका कड्याची दोन कडी झाली! दुर्बिणीत ही फट केसाएवढी भासते. परंतु तिची रुंदी सुमारे ४,७०० किलोमीटर आहे. आपला चंद्र तीत सहज मावेल.

ही फट कोणी पाडली? प्रथम हे ध्यानात घ्या, की कडे थाळीसारखे अखंड नाही. तसे अखंड कडे टिकणारच नाही, हे मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात गणिताने दाखवून दिले. बर्फाचे असंख्य तुकडे, कोणी वाळूच्या कणाएवढे तर कोणी घराएवढे, आपापल्या मार्गाने शनीभोवती फिरत असतात.

या कड्यांच्या बाहेरून मिमास नावाचा उपग्रह फिरतो. त्याला एका प्रदक्षिणेस साडेबावीस तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. फटीच्या आतल्या काठाशी असलेला तुकडा त्याच्या निम्म्या वेळात प्रदक्षिणा पुरी करतो. त्यामुळे तुकड्याच्या दर दोन फेऱ्यांनंतर मिमास त्याला पुन्हा त्याच ठिकाणी गाठतो व आपल्याकडे ओढतो. ही ओढ अगदी क्षीण असते. पण झोपाळ्यावरच्या मुलाला नेमक्या वेळी हलकेच ढकलत राहिले, तर झोका किती उंच जातो, हे तुम्ही जाणताच. तसाच तुकड्याचा मार्ग लांबट होत जातो, तो शेजाऱ्यांवर आदळतो आणि ती जागा त्याला सोडावी लागते. तरीही फट इतकी रुंद कशी झाली, याचा पुरता उलगडा शास्त्रज्ञ अजून करीत आहेत. शिवाय ती अगदी रिकामीही नाही. विरळ धूळ व तुकडे तीत आहेतच.

बाहेरच्या कड्यात एन्के नावाची, सुमारे ३२५ किलोमीटर रुंदीची आणखी एक फट आहे. तिची कथा निराळी. १९८१ साली व्हॉयेजर यानाने घेतलेल्या छायाचित्रांत तिच्या काठांवर लाटांसारखी वळणे दिसली. फटीच्या आतच एखादा लहान उपग्रह फिरत असला पाहिजे, असे त्यावरून अनुमान निघाले. मार्क शोवॉल्टर यांनी त्याची जागा गणिताने ठरवून तीच जुनी छायाचित्रे पुन्हा तपासली, आणि १९९० साली तो सापडला. नऊ वर्षे तो सर्वांच्या डोळ्यांसमोरच होता! त्याचे नाव पॅन. त्याच्या ओढीने जवळच्या तुकड्यांचे मार्ग वाकतात. आतले अधिक आत व बाहेरचे अधिक बाहेर सारले जातात.

कॅसिनीचेच नाव दिलेल्या यानाने २०१७ मध्ये पॅनची जवळून छायाचित्रे घेतली. त्याच्या कमरेभोवती एक उंच कंगोरा दिसतो. मला तर तो मुरड घातलेल्या करंजीसारखा वाटला.