डायनॅमो घरी खोलावा काय?

गेल्या मार्गशीर्षात मुंबईचे एक लग्न आटोपून आम्ही तिघे, मी, सौभाग्यवती आणि कन्या, आमच्या १९६० सालच्या फियाट ११०० मधून नाशिकला परतत होतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली ही मोटार. तिच्या गुबगुबीत आकारामुळे महाराष्ट्राने तिला ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेवले; पण ज्यांच्या घरी ती आहे त्यांना ते नाव शिवीसारखे न लागता लाडाचे वाटते. वडिलांनी ती जुनी म्हणूनच विकत घेतली होती आणि माझ्याकडे ती वारशाने आली.

रात्री कसारा घाट चढू लागलो आणि समोरच्या तक्त्यावरचा तांबडा दिवा लागला. लागला तो विझेचना. थोड्याच वेळात पुढच्या दिव्यांचा उजेड पांढऱ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा समईसारखा झाला. मागे मालमोटारींची रांग. कसेबसे इगतपुरी गाठले आणि रात्र तिथेच काढली.

हा तांबडा दिवा म्हणजे डायनॅमोची तक्रार. मोटारीचे मोठे दिवे, मागचे दिवे आणि इग्निशन मिळून दहा-बारा अँपिअर वीज खातात. ती पुरवायची आणि उरलेली बॅटरीत भरायची हे डायनॅमोचे काम. तो थांबला की सारा संसार बॅटरीच्या पुंजीवर चालतो. आणि पुंजी खाऊन चालणारा संसार किती दिवस टिकतो, हे सांगायला नको.

घरी परतल्यावर प्रश्न उभा राहिला : डायनॅमो स्वतः दुरुस्त करावा की मिस्त्रीकडे न्यावा? आपल्याकडे दोन्ही बाजूंना म्हण तयार आहे. एक म्हणते, ‘आपला हात जगन्नाथ’. दुसरी म्हणते, ‘ज्याचे काम त्यानेच करावे’. मी मराठीचा प्राध्यापक. म्हणी शिकवण्यात माझा जन्म गेला, पण त्यांतली कोणती केव्हा खरी, हे कोणत्याही पुस्तकात दिलेले नसते. मी जगन्नाथाला शरण गेलो.

डायनॅमो दिसायला साधा असतो. लोखंडी नळकांडे, आत भिंतीला दोन चुंबकी गुंडाळ्या, मधोमध फिरणारा आर्मेचर, त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचे कड्यासारखे गोल, म्हणजे कम्युटेटर, आणि त्यावर घासणारे कार्बनचे दोन ब्रश. फॅराडेने १८३१ मध्ये दाखवलेला नियमच इथे राबतो : चुंबकाच्या क्षेत्रात तार फिरली की तिच्यात वीज उपजते. यातली गंमत अशी की, या डायनॅमोत कायमचा चुंबक नसतो. गुंडाळ्यांतून वीज गेली तरच लोखंड चुंबक होते, आणि चुंबक झाले तरच वीज निघते. मग आरंभ कुठून? तर मागच्या खेपेचे थोडेसे चुंबकत्व लोखंडात शिल्लक राहिलेले असते. त्या आठवणीच्या जोरावर व्होल्ट-दीड व्होल्ट वीज निघते, ती गुंडाळ्यांत जाते, चुंबक बळावतो आणि बघता बघता बारा व्होल्ट उभे राहतात.

मी तो खोलला. दोन लांब स्क्रू काढले की टोपणे सुटतात. इथवर सातवीतला मुलगाही करील. ब्रश झिजून नखाएवढे उरले होते. तांब्याच्या पट्ट्या काळवंडल्या होत्या आणि झिजून खाली गेल्या होत्या. त्यांच्यामधला अभ्रक वर आला होता. त्यामुळे ब्रश तांब्यावर नीट टेकतच नव्हते. दुखणे सापडले! नवे ब्रश आणायचे, तांबे साफ करायचे, अभ्रक थोडा खाली खरवडायचा, की झाले.

इथे हुशारी नडली. अभ्रक खरवडण्यासाठी मी करवतीचे तुटके पाते घेतले. चार फटी छान झाल्या. पाचव्या वेळी पाते सटकले आणि पट्टीला डाग दिलेली तार तुटली. ती जोडण्याच्या खटपटीत शेजारच्या दोन तारांचे कवच मी जाळले.

मग भद्रकालीतल्या एका वृद्ध कारागिरांकडे गेलो. सारे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आर्मेचर ग्राउलर नावाच्या चुंबकी यंत्रावर ठेवला आणि करवतीचे पाते त्यावर धरून तो हळूहळू फिरवला. एका खाचेपाशी पाते थरथरू लागले. “हे बघा, इथे आतल्या आत तारा भिडल्यात,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता शांतपणे म्हणाले, “सर, आधी आला असता तर ब्रशमध्ये काम होतं. आता पूर्ण वाइंडिंग.”

मी ओशाळलो, पण “चाचा, बसून पाहू का?” एवढे विचारण्याचे शहाणपण सुचले. त्यांनी स्टूल पुढे सरकवले.

जुनी तार काढताना त्यांनी प्रत्येक खाचेतले वेढे मोजले, तारेची जाडी मापली, कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत तार जाते ते कागदावर उतरवले. जुन्या पोथीची नक्कल करणारा काना-मात्रा जपतो, तसेच ते काम. एक वेढा चुकला की पुढचा सारा पाठ बिघडतो. मग खाचांत नवा इन्सुलेशनचा कागद, नवी तार, वार्निशात बुडवणे, भट्टीत सुकवणे. बाजूच्या गल्लीत लेथवर कम्युटेटर घासून गोल केला आणि अभ्रक तांब्याखाली मिलिमीटरभरापेक्षा किंचित कमी उतरवला. तेच पाते, तोच अभ्रक. पण पाते हलत होते की बोट, हे मला कळले नाही.

शेवटी चाचांनी डायनॅमोला बॅटरीच्या तारेचा क्षणभर स्पर्श दिला. बारीक ठिणगी उडाली. दुरुस्तीनंतर लोखंडाची ती जुनी आठवण पुसली किंवा उलटी झालेली असू शकते; म्हणून योग्य दिशेचे चुंबकत्व असे जागवून द्यावे लागते. दिशा उलटी राहिली तर रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. स्पर्श कुठल्या स्क्रूला द्यायचा हे डायनॅमोच्या जातीप्रमाणे बदलते. तेव्हा अंदाजाने हा प्रयोग करू नये.

या साऱ्यावरून मला आपल्या नाशिकच्याच एका थोर माणसाची आठवण झाली. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके म्हणजे ‘आपला हात जगन्नाथ’चे मूर्तिमंत रूप. कॅमेरा त्यांनी चालवला, फिल्म घरात धुतली, १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. पण त्याआधी, १९१२ मध्ये, ते लंडनला गेले आणि सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत उभे राहून त्यांनी काम पाहिले, हे आपण विसरतो. त्यांचा हात जगन्नाथ झाला तो जाणकाराच्या दारी जाऊन आल्यावर.

म्हणून माझा हिशेब असा. जे चुकले तर पुन्हा पूर्ववत करता येते, ते घरी करावे. पट्ट्याचा ताण पाहणे, तारांची टोके घासणे, ब्रश बदलणे, बारीक काचकागदाने तांबे पुसणे; एमरीचा कागद मात्र नको, त्याचे कण फटींत अडकतात. रेग्युलेटरच्या तारा नीट लागल्या आहेत का, हेही घरीच पाहावे. पुष्कळदा दोष तिथेच असतो आणि डायनॅमो विनाकारण उलगडला जातो. पण वाइंडिंग, लेथ आणि बेअरिंग दाबून बसवणे ही कामे कारागिराची. ती त्याला द्यावीत, आणि देऊन पळून न जाता शेजारी बसावे.

ज्यांना अशी मोटार रोज चालवायची आहे त्यांनी आल्टरनेटर बसवला तर मी नाक मुरडणार नाही; तो मंद चालीतही बॅटरी भरतो. पण केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. मूळ रूप राखायचे तर ते राखणारे हातही राहिले पाहिजेत. चाचांच्या दुकानात शिकायला कोणी मुलगा नाही. स्टुलावर बसणारा मी एकटाच, आणि मी तर म्हणींचा मास्तर.

या दसऱ्याला मोटारीला झेंडूचा हार घातला, हत्यारांना हळदकुंकू वाहिले. पाटावर जुन्या तारेचे जळके वेटोळे ठेवलेले पाहून कन्येने विचारले, “बाबा, हे मोडकं कशाला पुजायचं?”

“ही माझी फी आहे,” मी म्हटले, “शिकवणीची.”

मग तिला शेजारी बसवून मोटार चालू केली. तांबडा दिवा क्षणभर लागला, इंजिनाने वेग घेतला, आणि तो विझला.