झोपेचं इंजेक्शन कुणी दिलं, किती दिलं? पोलिसांच्या कॉलवरचा कागद कुठं सापडतो

जवळा बाजार (ता. औंढा नागनाथ) : समजा, रात्रीचे अकरा वाजलेत. घरातला तरणा पोरगा तीन दिवस झोपलेला नाही, आईला ओळखत नाही, विळा घेऊन अंगणात उभा आहे. शेजारी ११२ लावतो. चौकीतले पोलीस येतात, चार जण मिळून पोराला धरतात. मागून १०८ येते, दंडात सुई जाते आणि पाच-दहा मिनिटांत पोरगा गप्प पडतो. घरचे सुटकेचा श्वास टाकतात. दुसऱ्या दिवशी हिंगोलीत डॉक्टर विचारतात, "रात्री कोणतं औषध दिलं? किती?" त्यावर कुणाकडंच उत्तर नसतं.

हा प्रश्न साधा वाटतो, पण जिवाशी गाठ असलेला आहे. शांत करणाऱ्या औषधाचा पहिला डोस किती हे ठाऊक नसताना दुसरा डोस दिला, तर श्वास मंदावू शकतो. आणि पुढे काही बरंवाईट झालंच, तर औषधानं झालं, धरपकडीत झालं की मूळ आजारानं, हे ठरवायला कागदाशिवाय दुसरं काही हातात राहत नाही.

अमेरिकेत कागदांमुळं काय बाहेर आलं

या विषयावरची मोठी चर्चा अमेरिकेत झाली. कोलोरॅडो राज्यातल्या ऑरोरा शहरात २४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री एलायजा मॅक्लेन हा २३ वर्षांचा तरुण दुकानातून घरी चालला होता. त्याच्यावर कोणत्याही गुन्ह्याचा आळ नव्हता. कुणीतरी 'संशयास्पद माणूस' म्हणून फोन केला. पोलिसांनी त्याला मान आवळून खाली पाडलं. नंतर आलेल्या रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांनी त्याला ५०० मिलिग्रॅम केटामाईन टोचलं. त्याचं वजन त्यांनी अंदाजे ९० किलो धरलं होतं, प्रत्यक्षात ते ६५ किलोच्या आसपास होतं. काही दिवसांत तो गेला. पहिल्या शवविच्छेदन अहवालात मृत्यूचं कारण 'निश्चित नाही' असं होतं. पुढे तो अहवाल बदलला आणि जबरदस्तीनं आवळून धरल्यानंतर दिलेल्या केटामाईनचा परिणाम, असं कारण लिहिलं गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये दोन रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांना निष्काळजीपणानं मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी धरण्यात आलं.

त्याआधी, २०१८ साली, मिनियापोलिस शहरात पोलिसांच्या कामाची तपासणी करणाऱ्या कार्यालयानं पोलिसांचेच अहवाल चाळले. २०१२ मध्ये ज्या अहवालांत केटामाईनचा उल्लेख तीनदा होता, तो २०१७ मध्ये ६२ वेळा आला. काही प्रसंगांत पोलीसच "सुई द्या" असं सुचवत असल्याचं त्यातून दिसलं. नंतर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी देशभरची कागदपत्रं गोळा केली. २०१२ ते २०२१ या काळात पोलिसांनी धरून ठेवलेल्या आणि गुंगीचं औषध दिलेल्या किमान ९४ जणांचा मृत्यू झाल्याचं त्यांनी २०२४ मध्ये मांडलं. औषधानंच मृत्यू झाला असं प्रत्येक प्रकरणात सिद्ध झालं नाही, हेही त्यांनी सांगितलं. कोलोरॅडोनं २०२१ मध्ये कायदाच केला : केटामाईन द्या असं पोलिसांनी सांगायचं नाही, दबावही आणायचा नाही.

धोका नेमका कशात आहे, हे गावच्या भाषेत सांगायचं तर असं. झटापट केलेल्या माणसाच्या रक्तात आम्ल वाढलेलं असतं. ते बाहेर टाकायला तो जोरजोरात श्वास घेत असतो. अशा वेळी त्याला पालथा दाबून पाठीवर गुडघा ठेवला, वर औषधानं श्वास मंद केला, तर शरीराचा एकमेव मार्ग बंद होतो. बाहेरून मात्र माणूस 'शांत झाला' असं दिसतं.

आपल्याकडं सुई कुणाच्या हाती?

आपली व्यवस्था वेगळी आहे. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली आणि तिच्यात डॉक्टर असतो, हा मोठा फरक. केटामाईनचा असा सर्रास वापरही इथं नाही. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत अशा वेळी हॅलोपेरिडॉल, प्रोमेथाझिन, लोराझेपाम, मिडाझोलाम ही नावं ऐकू येतात. हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन एकत्र देण्यावर तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये अभ्यास झाले आणि ते २००४ व २००७ मध्ये जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले. म्हणजे औषध वाईट नाही. योग्य माणसानं, योग्य डोसात, श्वास आणि नाडीवर लक्ष ठेवून दिलं तर ते माणूस वाचवतं.

पोलिसांच्या कामासाठी सुई टोचण्याचा आपला वाद निराळाच होता, नार्को चाचणीचा. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यात ही चाचणी घरोघरी ठाऊक झाली. २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिला परवानगी दिली होती. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी प्रकरणात सांगितलं की संमतीशिवाय अशी चाचणी करता येणार नाही. तपासासाठी माणसाच्या दंडात बळजबरीनं औषध घालता येत नाही, हा मुद्दा तिथं मिटला. उपचार म्हणून दिलेल्या सुईचा मुद्दा मात्र दुसऱ्या कायद्यात येतो.

कायदा काय म्हणतो

तो कायदा म्हणजे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९४ प्रमाणे तातडीचा उपचार नोंदणीकृत डॉक्टर दवाखान्यात किंवा बाहेरही देऊ शकतो. पण जीव धोक्यात असेल, रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करणार असेल, किंवा आजारामुळं मालमत्तेचं मोठं नुकसान करणार असेल, तरच. रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. हा तातडीचा उपचार जास्तीत जास्त ७२ तास, किंवा मानसिक आरोग्य केंद्रात तपासणी होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे नोंदणीकृत डॉक्टरही कायद्याच्या व्याख्येत बसतात. पोलीस, गाडीचा पायलट किंवा गावातला बिनपदवीचा 'डॉक्टर' बसत नाही.

पोलिसांचं काम कलम १०० मध्ये आहे. मानसिक आजारामुळं भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा किंवा धोका ठरणारा माणूस हद्दीत दिसला तर त्याला संरक्षणात घ्यायचं, कारण सांगायचं आणि लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. साखळीनं बांधायला कलम ९५ नं पूर्ण बंदी आहे. हे घरच्यांनाही लागू आहे, आणि ते बऱ्याच घरांना माहीत नसतं.

कलम ९७ बांधून ठेवण्याबद्दल आहे. मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी, किती वेळ, कशासाठी, सगळं केसपेपरवर लिहायचं. नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं. अशा सगळ्या घटनांचा अहवाल दर महिन्याला पुनरावलोकन मंडळाला पाठवायचा. पण हे सगळं हातपाय बांधण्याबद्दल, आणि तेही मानसिक आरोग्य केंद्रातलं. अंगणात, गाडीत किंवा चौकीच्या दारात औषधानं गप्प केलेल्या माणसाचा महिन्याचा हिशेब हे कलम मागत नाही. खरी पोकळी इथं आहे.

तरीही कागद असतोच

एका कॉलचे कागद चार-पाच ठिकाणी पडतात. ११२ वर फोन आल्याची नोंद. पोलीस ठाण्याची स्टेशन डायरी. जवळा बाजारची चौकी हट्टा ठाण्याच्या हद्दीत येते, म्हणून डायरी तिथली. १०८ च्या डॉक्टरनं भरलेला रुग्णाचा फॉर्म, ज्यात वेळ, नाडी, रक्तदाब, दिलेलं औषध लिहिणं अपेक्षित असतं. ज्या दवाखान्यात नेलं तिथला केसपेपर. आणि सगळ्यात दुर्लक्षित पण कामाचं म्हणजे औषधांचं साठा रजिस्टर. फॉर्मवर काही लिहिलं नसलं, तरी त्या तारखेला कुठलं इंजेक्शन खर्ची पडलं हे रजिस्टर सांगतं.

रुग्णाला स्वतःचे कागद मिळण्याचा हक्क कलम २५ नं दिलेला आहे. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात आणि भरती रुग्णांची नोंद तीन वर्षं जपावी लागते. त्यामुळं घरच्यांनी आधी साधा अर्ज दवाखान्यात द्यावा, पोच घ्यावी. लगेच माहितीच्या अधिकाराकडं धावायची गरज नाही.

दुसऱ्याच्या घरातली घटना असेल तर गोष्ट बदलते. कुणाच्या पोराला कोणतं औषध दिलं हे गावाला कळण्याचं कारण नाही, आणि कलम २३ व माहिती अधिकारातलं कलम ८ ते रोखतात. ते बरोबरच आहे. रुग्णाचा फोटो किंवा उपचाराची माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायलाही कलम २४ ची मनाई आहे. धरपकडीचे व्हिडिओ ग्रुपवर फिरवणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

पण आकडे मागता येतात. आकड्यांत कुणाचं नाव नसतं. वर्षभरात कलम १०० खाली ठाण्यानं किती जणांना दवाखान्यात नेलं? त्यांतल्या किती जणांना पोलीस हजर असताना इंजेक्शन दिलं गेलं? जिल्हा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात हॅलोपेरिडॉलच्या किती कुप्या खर्ची पडल्या? १०८ सेवेच्या प्रसिद्ध होणाऱ्या तक्त्यांत अपघात, मारहाण, भाजणं, हृदयविकार, विषबाधा, प्रसूती असे रकाने असतात. मानसिक आजाराच्या कॉलचा वेगळा रकाना त्यांत दिसत नाही. म्हणजे हा आकडा कुणीतरी मागितल्याशिवाय आपणहून पुढे येणार नाही.

अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून पोलिसांचा अर्ज वेगळा आणि दवाखान्याचा वेगळा लिहावा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. कुणी आत्ता ताब्यात आहे आणि जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न आहे, तर ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं. अर्जाच्या डोक्यावर तसं ठळक लिहावं. १०८ चालवणारी कंपनी खाजगी आहे असं सांगून कुणी परत पाठवलं, तर अर्ज सार्वजनिक आरोग्य विभागाकडं करावा. शासनाला कायद्यानं जी माहिती खाजगी संस्थेकडून घेता येते, तीही या कायद्यात 'माहिती' ठरते.

त्या रात्री घरच्यांनी काय करायचं

कागद नंतरची गोष्ट. आधी सुई देणाऱ्याला तीन गोष्टी सांगायच्या : पोरगा दारू पितो का आणि शेवटची कधी घेतली, साखरेचा किंवा फिटचा आजार आहे का, आणि दोन-चार दिवसांत फवारणी केली होती का. डोक्याला मार, रक्तातली साखर उतरणं, अचानक सुटलेली दारू, कीटकनाशकाची बाधा, या सगळ्यांत माणूस वेड्यासारखा वागतो. तिथं नुसतं झोपवणं म्हणजे खरा आजार झाकणं. आपल्या भागात, हळद-सोयाबीनच्या हंगामात, फवारणीचा प्रश्न तर विचारलाच पाहिजे.

मग औषधाचं नाव आणि डोस विचारून कुपीचा फोटो काढायचा, वेळ टिपायची. पोराला पालथं ठेवू द्यायचं नाही, कुशीवर वळवा म्हणायचं. गाडीत घरचं एक माणूस सोबत जायचं. आणि हत्यार हातात नसेल, नुसती बडबड आणि जागरण असेल, तर ११२ च्या आधी १४४१६ हा टेलीमानस क्रमांक लावून बघायचा. तो चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.