मुलांची सुटी आणि आईचा दिवस

सुटी हा शब्द घरांतील सर्वांच्या कानीं सारखाच पडतो. परंतु त्याचा अर्थ मात्र प्रत्येकाच्या वाट्याला निराळा येतो. मुलांच्या दृष्टीनें सुटी म्हणजे शाळेच्या घंटेपासून सुटका. वडिलांच्या दृष्टीनें ती बहुधा चारआठ दिवसांची रजा आणि एखाद्या प्रवासाचीं तिकिटें. आईच्या दृष्टीनें मात्र सुटी म्हणजे कामाची समाप्ति नसून कामाचें रूपांतर होय. एप्रिलअखेर परीक्षा आटोपतात, दप्तरें कोनाड्यांत जातात, आणि जून उजाडेपर्यंतचे पांचसहा आठवडे घरांतील लहान मुलांचा सारा दिवस आईच्या ओंजळींत येऊन पडतो. विदर्भांत तर उन्हाच्या कडाक्यामुळें शाळा आणखी उशिरां उघडतात. या लांबलचक दिवसांचें काय करावें, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसला तरी त्यावर घरांतील शांतता, मुलांच्या संवयी आणि आईची प्रकृति या तिन्हीं गोष्टी अवलंबून असतात.

शाळा मुलांना विद्या देते हें सर्वांस ठाऊक आहे. ती घराला वेळापत्रकहि देते, हें शाळा बंद झाल्यावरच ध्यानांत येतें. सकाळीं अमुक वाजतां उठणें, डबा, गणवेश, परतल्यावर खाणें, मग अभ्यास व निजणें, अशी दिवसाची चौकट शाळेच्या घंटेवर उभी असते. घंटा थांबली कीं चौकट निखळते. एक मूल आठाला उठतें, दुसरें साडेनवाला. एकाची न्याहरी संपते न संपते तोंच दुसऱ्याला भूक लागते. आणि बारा वाजले तरी स्नानें राहिलेलीं असतात. स्वयंपाकघर असें दिवसभर उघडें राहिलें म्हणजे आईला ओटा सोडतां येत नाहीं. सुटींत मुलें फार त्रास देतात अशी जी तक्रार ऐकूं येते, तिच्या मुळाशीं पुष्कळदां मुलांचा खोडकरपणा नसून हा मोडलेला क्रम असतो.

ही चौकट मोडल्याचा भार कोणावर पडतो, हें आंकड्यांनींच पाहणें बरें. भारत सरकारच्या सांख्यिकी खात्यानें २०१९ सालीं देशभर वेळेच्या वापराची एक पाहणी केली. तींत असें दिसून आलें कीं, बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं त्या कामांत दिवसाकाठीं सरासरी २९९ मिनिटें, म्हणजे जवळजवळ पांच तास जातात. तें करणाऱ्या पुरुषांचीं ९७ मिनिटें जातात. घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण शेंकडा ८१ होतें, तर पुरुषांचें अवघें शेंकडा २६. हे आंकडे सर्व दिवसांच्या सरासरीचे आहेत. सुटींत लहान मुलें चोवीस तास घरीं असतांना तो भार वाढणारच. मुलें हें सर्व उघड्या डोळ्यांनीं पाहत असतात. घर म्हणजे आईनें चालविलेली एक खाणावळ आहे, कीं सर्वांनीं मिळून चालवावयाचा संसार आहे, याचा धडा शाळेच्या पुस्तकापेक्षां सुटीच्या दिवसांतच अधिक पक्का होतो. मुलगा बसून राहतो आणि मुलगी पानें मांडते, असें एका सुटींत घडलें तर पुढील कित्येक वर्षांची रीत ठरून जाते.

लहान मूल कामाला येत नाहीं, उलट अडथळाच करतें, हा समज मात्र खरा नव्हे. मारिया माँटेसोरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांतील एका गरीब वस्तींत बालगृह उघडलें. तेथें त्यांस आढळून आलें कीं, लहान मुलांस शोभेच्या खेळण्यांपेक्षां खरें काम अधिक आवडतें. गुजराथेंत गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरला बालमंदिर सुरू केलें. ताराबाई मोडक त्यांच्या कार्यांत सामील झाल्या, आणि पुढें बोर्डी व कोसबाड येथें त्यांनीं तोच विचार खेड्यांतील व आदिवासी मुलांपर्यंत नेला. या सर्वांचें सार असें कीं, मुलाच्या हाताला पेलेल असें काम, त्याच्या हाताला येईल अशा साधनानें, त्याच्या गतीनें करूं दिलें पाहिजे. दोनतीन वर्षांचें मूल वाटाण्याच्या शेंगा सोलतें, ओल्या फडक्यानें पाट पुसतें, एका भांड्यांतील पाणी दुसऱ्यांत ओततें. चारपांच वर्षांचें मूल ताटें मोजून मांडतें, मोजे जोडीनें लावतें, कोथिंबीर निवडतें. सातआठ वर्षांचें मूल कपड्यांच्या घड्या घालतें, कुंड्यांना पाणी देतें, धाकट्याला गोष्ट वाचून दाखवितें. आरंभीं ह्या मदतीनें आईचें काम कमी होत नाहीं, वाढतेंच. पाणी सांडतें, वाटाणे पलंगाखालीं जातात. परंतु पहिल्या आठवड्यांत जो वेळ असा खर्ची पडतो तो उरलेल्या सुटींत व्याजासह परत मिळतो. आणि जिनें तो खर्च टाळला, तिला सबंध सुटी एकटीनेंच राबावें लागतें.

महाराष्ट्रीय घरांत उन्हाळा हा वर्षाच्या बेगमीचा काळ. त्यामुळें मुलांच्या हातांना या दिवसांत काम शोधावयास दूर जावें लागत नाहीं. कुरडयांचेंच उदाहरण घ्यावें. गहू तीन दिवस भिजत घालावयाचे, त्यांचें पाणी रोज बदलावयाचें, मग ते वाटून, गाळून त्यांचा चीक काढावयाचा. चीक रात्रभर ठेवला म्हणजे सत्त्व तळाशीं बसतें आणि वर निवळ पाणी राहतें. तें ओतून टाकून, चीक मोजून, आधणाच्या पाण्यांत मीठहिंग घालून तो शिजवावयाचा आणि सोऱ्यानें गच्चीवरील कापडावर कुरडया घालावयाच्या. पाणी रोज बदललें नाहीं तर काय होईल, चीक खालीं कां बसतो, पांढरी ओली कुरडई दोन दिवसांनीं कडक कशानें होते, हे प्रश्न मूल आपण होऊन विचारतें. आधणाजवळ त्यास येऊं देऊं नये. परंतु वाटींत गरम चीक घेऊन फुंकर मारीत खाणें, सुकत घातलेल्या कुरडया मोजणें, आणि हातांत काठी घेऊन कावळ्यांवर पहारा करणें, हीं कामें त्याचींच. गच्ची नसलेल्या घरांत एका सुपांत थोडे सांडगे किंवा बटाट्याचा कीस खिडकींत वाळवूनहि हाच आनंद मिळतो. हल्लीं हें सारें बाजारांत तयार मिळतें, आणि ज्या आईला सवड नाहीं तिनें तें खुशाल विकत आणावें. मात्र एखादा तरी पदार्थ घरीं केला, तर मुलास अन्नामागील श्रम दिसतात.

माठांतील पाण्याचेंहि असेंच आहे. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतें, त्याची वाफ होतांना ती आंतील पाण्याची उष्णता घेऊन जाते, आणि पाणी गार होतें. पितळेच्या कळशींत तसें होत नाहीं, हें मुलास दोन्ही भांड्यांना हात लावून पाहतां येतें. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, किंचित् मीठ व वेलदोडा यांचें पन्हें करतांना गर कुसकरण्याचें काम त्याच्याकडे द्यावें. खेळाच्या नादांत मूल तहान विसरतें. म्हणून आईनें तें मागेल तेव्हां पाणी देण्यापेक्षां ठराविक वेळीं स्वतः होऊन देणें बरें. दुपारीं बारा ते चार त्याला उन्हांत सोडूं नये, हेंहि सांगावयास नकोच.

दुपार हा सुटीच्या दिवसाचा अवघड भाग. बाहेर ऊन, घरांत उकाडा, आणि सर्वांचीच वृत्ति चिडचिडी झालेली. या वेळीं घरांत एक नियम असावा: तासदीडतास घर शांत राहील. निजेल त्यानें निजावें, न निजेल त्यानें चित्रें काढावींत वा पुस्तक चाळावें. परंतु आईस हांक मारूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं पांच वर्षांखालील मुलांविषयीं जी मार्गदर्शक सूत्रें दिलीं, त्यांत तीनचार वर्षांच्या मुलास दिवसाची धरून दहा ते तेरा तास झोप लागते असें म्हटलें आहे. एकदोन वर्षांच्या बाळास अकरा ते चौदा तास. दुपारची नीज म्हणजे आईनें आपल्या सोयीसाठीं केलेली युक्ति नव्हे, ती मुलाची गरज आहे. विश्रांतीनंतर बैठे खेळ निघावेत. पत्त्यांतील बदाम सात, सापशिडी, काचकवड्या, सागरगोटे, भातुकली हे खेळ अजून जुने झालेले नाहींत. बदाम सातांत मूल क्रम शिकतें, सागरगोट्यांत हाताची आणि नजरेची जोड, आणि भातुकलींत तर सबंध संसार. मात्र चिंचोके, सागरगोटे यांसारख्या बारीक वस्तू तीन वर्षांखालील बाळाच्या हातीं लागूं देऊं नयेत. तीं नाकातोंडांत घालण्याचा त्याला मोह होतो. पिवळ्या कण्हेरीच्या बिया, ज्यांस मुलें बिट्ट्या म्हणतात, त्या तर विषारी असल्यामुळें घरांत आणूंच नयेत.

याच दुपारीं भ्रमणध्वनीचा प्रश्न उभा राहतो. थकलेल्या आईनें अर्धा तास उसंत मिळावी म्हणून मुलाच्या हातीं तो दिला तर तिला दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु वर सांगितलेल्या सूत्रांत दोन ते चार वर्षांच्या मुलासाठीं पडद्यापुढील बैठक दिवसाला एक तासाहून अधिक नसावी, कमी असेल तितकें चांगलें, आणि एक वर्षाच्या बाळाला तर तो दाखवूंच नये असें म्हटलें आहे. त्याच वयाच्या मुलांनीं दिवसांतून एकंदर तीन तास हिंडतेंफिरतें असावें, असेंहि तीं सांगतात. तेव्हां पडद्याची वेळ रडण्यावर न ठरवितां घड्याळावर ठरवावी. आज रडून मिळालें कीं उद्यां अधिक मोठ्यानें रडावयाचें, हा हिशेब मूल फार लौकर शिकतें.

“आई, आतां काय करूं?” हा सुटींतील सर्वांत अधिक वेळां ऐकूं येणारा प्रश्न. पुष्कळ आया या प्रश्नानें गडबडून जातात आणि मुलास क्षणभर रिकामें राहूं देत नाहींत. शिबिरें, वर्ग, छंद यांचीं वेळापत्रकें बांधून सुटीची दुसरी शाळा करतात. एखादा वर्ग बरा. पोहणें तर अवश्य शिकवावें. परंतु कंटाळा हा रोग नव्हे. थोडा वेळ कोणी कांहीं सुचविलें नाहीं, तर मूल पलंगाची होडी करतें, चादरीचा तंबू ठोकतें, काडेपेट्यांची आगगाडी चालवितें. अशा वेळीं उत्तर देण्याची घाई न करतां आईनें आपलें काम चालू ठेवावें. वाचतां येणाऱ्या मुलासाठीं हाताशीं पुस्तकें असावींत. वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ सालीं ‘आनंद’ मासिक काढलें, १९७१ पासून पाठ्यपुस्तक मंडळाचें ‘किशोर’ निघूं लागलें. मराठी मुलांना वाचावयास कांहीं नाहीं असें म्हणण्यास तेव्हांपासून जागा नाहीं.

भावंडांचीं भांडणें सुटींत वाढतात, कारण तीं दिवसभर एकत्र असतात. प्रत्येक वेळीं आईनें न्यायाधीश होणें इष्ट नव्हे. निकाल कोणताहि दिला तरी एका पक्षाला तो अन्यायच वाटतो. मारामारी होऊं द्यावयाची नाहीं, एवढी मर्यादा घालून बाकीचा तंटा त्यांचा त्यांना मिटवूं द्यावा. ‘तू मोठा, म्हणून तूंच सोड’ हें वाक्य मात्र जपून वापरावें. मोठेपणाची शिक्षा होते असें ज्या मुलास वाटूं लागतें, त्याचा राग धाकट्यावरच निघतो. आजोळीं किंवा काकांकडे चार दिवस मुलें गेलीं, तर तेथें दहाजणांत वांटून खाण्याची संवय लागते, आणि तीं परतल्यावर घरचींहि भांडणें कांहीं काळ मऊ होतात.

नोकरी करणाऱ्या आईची अडचण याहून मोठी आहे. मुलांची सुटी पांचसहा आठवड्यांची आणि तिची रजा मोजक्या दिवसांची. आजीआजोबा जवळ असले तर निभावतें. नसले तर पाळणाघर, शेजार किंवा आळीपाळीची रजा याखेरीज मार्ग राहत नाहीं. २०१७ सालीं प्रसूतिविषयक कायद्यांत दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक माणसें कामावर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकण्यांत आली. परंतु शाळेंत जाणाऱ्या सातआठ वर्षांच्या मुलाची सुटीची सोय त्यानें होत नाहीं. येथें आईबापांनीं रजा एकाच वेळीं न घेतां वांटून घेतली, तर दुप्पट दिवस पुरतात. अशा घरांत वडील एकटे मुलांबरोबर आठवडाभर राहतात, वरणभाताचा कुकर लावतात, वेण्या घालतात, आणि आईचा दिवस कसा जातो याची त्यांना जी कल्पना येते ती कोणत्याहि व्याख्यानानें आली नसती.

राहतां राहिली ती आईच्या विश्रांतीची गोष्ट. सर्वांची सोय लागल्यावर वेळ उरला तर आपण बसूं, असें जी म्हणते तिला तो वेळ कधींच उरत नाहीं. घरकामाला शेवट नसतो. म्हणून आईचा तास हा दिवसाच्या आरंभींच बाजूला काढून ठेवावा लागतो, जसा महिन्याच्या पगारांतून भाड्याचा पैसा. संध्याकाळीं ऊन कललें कीं वडिलांनीं, आजोबांनीं वा वडील भावंडानें मुलांस बागेंत न्यावें आणि त्या तासांत आईनें स्वयंपाकाला लागूं नये. वाचावें, मैत्रिणीकडे जावें, नाहीं तर नुसतें बसावें. हा तास म्हणजे कोणी केलेला उपकार नव्हे. ज्या घरांत ‘ही आईची वेळ आहे’ असें चार वर्षांचें मूलहि सांगूं शकतें, त्या घरांत जूनमध्यें दप्तरें पुन्हा बाहेर निघतात तेव्हां मुलांच्या बरोबरीनें आईचीहि थोडी सुटी झालेली असते.