रुग्णवाहिका : चार हातांची गाडी

गेल्या उन्हाळ्यात एका मध्यरात्री माझ्या आजोबांना एकाएकी दम लागला. रुग्णवाहिका बोलावली, ती आलीही. परंतु आमचे बिऱ्हाड जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर, आणि जिना इतका अरुंद की वळणावर स्ट्रेचर फिरेना. गाडीबरोबर दोनच माणसे होती : एक तरुण डॉक्टरीणबाई आणि चालक. वाड्यातली वीस-पंचवीस माणसे गॅलरीत उभी राहून पाहत होती, आणि मीही त्यांच्यातच होतो. शेवटी डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दादा, बघता काय? खुर्ची आणा आणि पायाकडची बाजू धरा."

आजोबा आता बरे आहेत. परंतु ते "बघता काय?" माझ्या मनातून गेले नाही. पुढे त्या चालककाकांची ओळख ठेवून दोन-तीनदा त्यांच्या गाडीपाशी जाऊन बसलो. तेव्हा जे पाहिले आणि समजून घेतले, ते येथे सांगतो.

रुग्णवाहिका म्हणजे दिवा, भोंगा आणि वेग अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तिचे खरे काम ती जागेवर उभी असतानाच सुरू होते. पाळी बदलली की एकेक वस्तू पाहून घ्यावी लागते. घशातली उलटी किंवा रक्त ओढून काढणारे सक्शन यंत्र चालते का, मान हलू नये म्हणून लावायच्या पट्ट्याचे निरनिराळे आकार जागेवर आहेत का, प्रसूतीच्या संचात नाळेचे चिमटे आहेत का, हे सारे तपासायचे. स्कूप स्ट्रेचर नावाची एक युक्ती मला फार आवडली. ते उभे दुभंगते. जखमी माणसाच्या दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे भाग सरकवून मध्ये जोडले, की त्याला फारसे न हलवता उचलता येते.

ऑक्सिजनचा तर हिशेबच असतो. 'बी' प्रकारच्या लहान नळकांड्यात भरलेला असताना सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. रुग्णाला मिनिटाला १० लिटर द्यावा लागला, तर तो अडीच तास पुरेल. परंतु काटा शून्यावर येईपर्यंत कोणी थांबत नाही, थोडा साठा राखूनच ठेवावा लागतो. तालुक्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे, वाटेत घाट, घाटात एखादा ट्रक आडवा झालेला. अशा वेळी हे साधे भागाकाराचे गणित जीवनमरणाचे होते. याउलट ॲम्बु बॅग. ही रबरी पिशवी १९५६ साली डेन्मार्कमध्ये हेसे आणि रूबेन या दोघांनी तयार केली. दाबून सोडली की ती आपोआप फुगते. वीज नको, नळकांडे नको. फक्त हात हवा. आणि तो हातच गाडीत दुर्मीळ असतो.

आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी ९३७ गाड्या ठरविण्यात आल्या. त्यांपैकी ७०४ मूलभूत जीवरक्षक आणि २३३ प्रगत जीवरक्षक. प्रगत गाडीत हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्रही असते. प्रत्येक गाडीवर चालकाबरोबर डॉक्टर नेमायचा, हे या योजनेचे वैशिष्ट्य. अर्थात यंत्रे वाढली तरी माणसे दोनच. चालक सुकाणूवर बसला, की मागे उरतो एकटा डॉक्टर.

हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाबावी लागते. दोन मिनिटांत दाबणारा थकतो आणि दाब उथळ पडू लागतो. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, असे शास्त्र सांगते. धावत्या गाडीत बदलणार कोण? शिवाय ॲम्बु बॅग दाबायची, सलाईनकडे लक्ष द्यायचे, घाबरलेल्या नातेवाइकाला धीर द्यायचा. भोंग्याच्या आवाजात स्टेथोस्कोपने धड ऐकू येत नाही. पुष्कळदा मनगटाच्या नाडीवर बोट ठेवूनच अंदाज घ्यावा लागतो. म्हणून चांगला चालक नुसता वेगाने हाकीत नाही, तर मागचा माणूस तोल सांभाळून काम करू शकेल अशा बेताने हाकतो. काकांच्या शब्दांत सांगायचे तर, "गाडी मी चालवतो, पण ब्रेक मागच्याला विचारून मारतो."

रुग्ण पोचला म्हणजे काम संपले, असेही नाही. गाडीत सांडलेले रक्त हायपोक्लोराइटच्या द्रावणाने पुसायचे, चादर बदलायची, संपलेले सामान भरायचे. तोवर पुढचा फोन येतो. काकांची पाळी बारा तासांची. लागोपाठ फेऱ्या आल्या, की सकाळचा डबा संध्याकाळी उघडतो.

रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. परंतु वाट रस्त्यावरच अडते असे नाही; ती जिन्यात, बोळात आणि आपल्या गर्दीतही अडते. कायदा तिथवर पोचत नाही.

तिथे पोचू शकतो तो आपण. फोन करताना पत्त्याबरोबर जवळची ठळक खूण सांगावी. एकाने नाक्यावर जाऊन उभे राहावे. जिन्यातल्या सायकली आणि कुंड्या हलवाव्यात, दिवा लावावा. दम लागलेल्या माणसाला आडवे न निजविता बसते ठेवावे, आणि बळकट खुर्ची तयार ठेवावी. उचलायला दोन धट्टीकट्टी माणसे पुढे व्हावीत, मात्र कसे उचलायचे ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच. यातल्या कशालाही पैसा लागत नाही.

गाडीबरोबर येतात ते चारच हात. उरलेले हात त्या रात्री गॅलरीत होते. त्यांतले दोन माझे होते.