नौकाविहाराचें अंतरंग

परभणी जिल्ह्यांतील वालूर येथील चक्राकार बारव ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना पाण्याकडे उतरणारी वाटही मनुष्याला मोहवूं शकते हें निराळें सांगावयास नको. पायऱ्या वळसे घेत खालीं जातात, आणि उतरणाऱ्याला आपण पृथ्वीच्या पोटांत शिरत आहों असा भास होतो. गाळानें व झाडोऱ्यानें भरलेली ही बारव ग्रामस्थांनीं अलीकडच्या वर्षांत श्रमदानानें मोकळी केली.

अशा गांवचा विद्यार्थी शाळेच्या सहलीबरोबर खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानांत गेला, तर तेथेंही त्याला पाण्याची एक वाट भेटते. मात्र ती होडींत बसून चालावयाची असते. काळोखांतून होडी पुढें सरकते, अजस्र प्राणी डरकाळ्या फोडतात, शेवटीं होडी उतारावरून धाडकन खालीं येते, आणि मुलें भिजून, ओरडत, हंसत बाहेर पडतात. २०१३ सालीं सुरू झालेल्या या उद्यानांतील ह्या विहाराला ‘राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर’ असें नांव दिलेलें आहे. भिण्याची हौस फिटली म्हणजे बहुतेकांच्या मतें काम संपलें. परंतु या करमणुकीच्या मागें एक इतिहास आहे, तिच्या पाण्याखालीं एक यंत्र आहे, आणि तिच्या नांवांत एक सत्य दडलेलें आहे.

इतिहास अमेरिकेपासून सांगावा लागतो. १८९५ सालीं पॉल बॉयटन या धाडशी जलतरणपटूनें न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड भागांत सी लायन पार्क नांवाचें उद्यान काढलें. तेथें सपाट तळाची होडी उंच घसरणीवरून तळ्यांत सोडीत असत. त्याच सुमारास ‘ओल्ड मिल’, म्हणजे जुनी गिरणी, या नांवाचा दुसरा प्रकार लोकप्रिय झाला. त्यांत पाणचक्कीसारखें चाक फिरवून अरुंद चरांत प्रवाह उत्पन्न करीत, आणि त्या प्रवाहावर होडी अंधाऱ्या बोगद्यांतून वाहात जाई. पिट्सबर्गजवळील केनीवुड उद्यानांत अशी गिरणी १९०१ सालीं सुरू झाली. एका प्रकारानें घसरण दिली, दुसऱ्यानें काळोख दिला. पुढील बहुतेक नौकाविहार या दोहोंच्या मिलाफांतून जन्मले आहेत.

वॉल्ट डिस्ने यानें यांत कथा आणली. १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत डिस्नेलँड उघडलें, तेव्हां तेथील ‘जंगल क्रूझ’मध्यें नावाडी सुकाणू धरून उभा असे, पण नाव खरोखर पाण्याखालच्या मार्गदर्शक रुळाच्या आधारानें चालत होती, आणि तो रूळ दिसूं नये म्हणून पाणी मुद्दाम रंगवून गढूळ केलेलें होतें! १९६४ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनांत, संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीच्या सन्मानार्थ, ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ हा देशोदेशींच्या बाहुल्यांचा नौकाविहार मांडण्यांत आला. त्यांतील होड्यांना पाण्याचे फवारे पुढें ढकलीत.

याहूनही मोठी युक्ति १९६७ सालच्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मध्यें आहे. उद्यानाभोंवतीं मातीचा बांध आणि त्यावर आगगाडीचा रूळ. आंत जागा अपुरी. म्हणून होडीला दोन छोट्या धबधब्यांवरून खालीं उतरवून रुळाखालून बांधापलीकडच्या मोठ्या इमारतींत नेलें. प्रेक्षकाला धबधब्याची मौज वाटते. वस्तुतः तो त्याला नकळत उद्यानाबाहेर नेण्याचा उपाय आहे. शेवटीं होडीला तितकीच उंची पुन्हां चढावी लागते. हा विहार उघडण्यापूर्वींच, डिसेंबर १९६६ मध्यें, डिस्नेचा अंत झाला होता.

अशा विहाराच्या यंत्राचें तत्त्व मात्र शेतकऱ्याच्या पाटाहून फारसें वेगळें नाहीं. पंप पाणी उंचावर चढवितो, तें काँक्रीटच्या पाटांतून उताराकडे वाहातें, आणि तेंच पाणी गाळून पुनःपुन्हां वापरलें जातें. होडीच्या बाजूंना लावलेलीं लहान चाकें तिला भिंतीवर आपटूं देत नाहींत. चढणीवर सांखळी किंवा पट्टा तिला वर ओढतो. घसरणीवर केवळ तिचें वजन काम करतें. खालीं पोंचतांच जो मोठा लोट उसळतो तो निव्वळ शोभेचा नसतो. वेगानें आलेली होडी समोरचें पाणी बाजूला सारते, त्यांत तिचा वेग खर्च होतो, आणि ती थांबण्याजोगी होते. मुलांना भिजविणारें पाणी हेंच होडीचा ब्रेक असतें.

आतां नांवाविषयीं. पुष्कळ मुलांची समजूत अशी होते, कीं राजासॉरस हा चित्रपटांतल्या राक्षसासारखा कल्पित प्राणी असावा. ही समजूत दूर करणें अगत्याचें आहे, कारण तो प्राणी खरा होता आणि आपल्याच देशांतला होता. गुजरातेंत बालासिनोरजवळच्या रहिओली गांवीं १९८२ ते १९८४ या काळांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनीं त्याचीं हाडें गोळा केलीं. २००३ सालीं भारतीय व अमेरिकन संशोधकांनीं त्याचें ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असें नामकरण केलें. ‘राजा’ आपला, ‘सॉरस’ म्हणजे सरडा हा शब्द ग्रीकांचा, आणि नर्मदा तर सर्वांच्या परिचयाची. हा मांसाहारी प्राणी दोन पायांवर चाले, त्याच्या कपाळावर बुटकें शिंग होतें, आणि त्याची लांबी साडेसहा मीटरांच्या आसपास असावी असा अलीकडचा अंदाज आहे. डायनोसोर म्हटला म्हणजे ‘जुरासिक’ हा शब्द सर्वांच्या ओठांवर येतो. परंतु तें युग सुमारें साडेचौदा कोटि वर्षांपूर्वीं संपलें. राजासॉरस त्यानंतरच्या क्रिटेशस युगाच्या अखेरीचा, म्हणजे साडेसहा कोटींहून थोड्या अधिक वर्षांपूर्वींचा आहे.

त्याच सुमारास दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हारसाचे लोट बाहेर पडूं लागले. थरावर थर बसले. आजही त्यांचें आच्छादन सुमारें ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेलें असून सह्याद्रींत त्याची जाडी २ किलोमीटरांहून अधिक भरते. राजासॉरसचीं हाडें ज्या ‘लामेटा’ नांवाच्या खडकांत सांपडलीं, ते खडक या लाव्ह्याच्या तळाशीं आढळतात. त्यांतलीं डायनोसोरांचीं हाडें महाराष्ट्रांतही, चंद्रपूर जिल्ह्यांतील पिसदुरा येथें, मिळालेलीं आहेत.

खोपोलीहून परतणारी गाडी बोरघाट चढूं लागली, कीं डोंगराच्या कड्यांत हे आडवे थर उघडे दिसतात. होडींतल्या कृत्रिम प्राण्याकडे डोळे विस्फारून पाहणाऱ्या मुलांपैकीं कितीजण त्या वेळीं खिडकीबाहेर पाहतात? शिक्षकानें एवढेंच करावें: त्यांना जागें करून तो कडा दाखवावा. मग परभणीकडे परतल्यावर वालूरचा मुलगा आपल्या बारवेच्या काळ्या पायरीवर हात ठेवील, तेव्हां हा दगड त्या राजाच्या काळीं धगधगत वाहात होता, हें त्याला कळलेलें असेल. तें त्याला कळलें, तर सहलीचे पैसे वसूल झाले.