देवगिरीच्या दोन वीणा

सकाळी शाळा भरण्याच्या वेळी छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीतून चालत निघालं, की एकामागून एक दोन-तीन शाळांचं राष्ट्रगीत कानावर पडतं. एका शाळेत बाईंनी उंच सूर धरलेला असतो, तर पुढच्या गल्लीतल्या शाळेत सरांचा आवाज पार खाली. तरीही ऐकणाऱ्याला ते एकच गाणं वाटतं. सुरुवातीची चढण सा, रे, ग अशी आहे. सा कुठेही धरा, तिथून रे आणि ग जेवढे दूर हवेत तेवढ्याच अंतरावर मुलं ते आपसूक ठेवतात. पहिली-दुसरीतल्या या मुलांना सरगम कोणी शिकवलेली नसते, पण दोन स्वरांमधलं अंतर त्यांच्या गळ्याला ठाऊक असतं.

या अंतराला स्वरांतर म्हणतात. ते नुसतं ऐकून ओळखता येऊ लागलं, की ‘कान तयार झाला’ असं गुरुजी म्हणतात. अनेकांना ही उपजत देणगी वाटते. एखादा स्वर कानावर पडताच ‘ही पेटीची काळी चार’ असं सांगणारी माणसं असतात खरी, पण थोडी. आपल्या गाण्याला त्या देणगीची गरजच नाही. एखादी गायिका काळी चारमध्ये गाते, एखादा गायक काळी एकमध्ये. सा ज्याचा त्याचा. एकदा सा ठरला की बाकीचे सगळे स्वर त्याच्याशी असलेल्या नात्यानं ओळखायचे. आणि नातं ओळखणं सवयीनं येतं.

ही सवय लागते तंबोऱ्यापाशी. चार तारांपैकी मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे एकाच सुरात लावायच्या. त्या अगदी जवळ आल्या पण जुळल्या नाहीत, तर आवाज डोलू लागतो. एक तार सेकंदाला २४० वेळा कंप पावत असेल आणि दुसरी २४२ वेळा, तर हा डोल सेकंदाला दोनदा येतो. खुंटी पिळावी, मग मणी हलके सरकवावेत. डोल संथ होत जातो आणि एका क्षणी नाहीसा होतो. त्या क्षणी कानाला मिळणारा विसावा हाच स्वरज्ञानाचा पहिला धडा. तंबोरा दुसऱ्याकडून लावून घेणारा विद्यार्थी नेमका याच धड्याला मुकतो.

पंचमाचंही तसंच. सा २४० कंपनांचा, तर पंचम ३६० चा, म्हणजे दोनास तीन हे साधं प्रमाण. प्रत्येक तारेत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक स्वरही वाजत असतात. सा च्या तारेतला तिसरा आणि पंचमाच्या तारेतला दुसरा, हे दोन्ही ७२० वर येऊन मिळतात. सा-प ऐकताना जे भरीव वाटतं, त्याचं कारण ही गाठ. घोडीवरची जवारी नीट लावलेली असेल, तर खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सा च्या, तारेतून चक्क गंधार ऐकू येतो, जरी त्या स्वरात एकही तार लावलेली नसते. खर्जाच्या पाचपट कंपनांचा तो स्वर. नवख्या विद्यार्थ्याला तो महिनोन्‌महिने सापडत नाही, आणि एकदा सापडला की पुन्हा हरवत नाही.

संभाजीनगरकरांनी या विषयाकडे आपुलकीनं पाहावं याला एक खास कारण आहे. शहरातून वेरूळकडे जाणारी बस पंधरा किलोमीटरवर दौलताबादच्या किल्ल्याला वळसा घालते. हीच यादवांची देवगिरी. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा सिंघणाच्या पदरी इथे शार्ङ्गदेव होते. त्यांचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेत होते. शार्ङ्गदेव स्वतः राज्याच्या हिशेब-दप्तराचे प्रमुख. त्यांनी लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या सात अध्यायांच्या ग्रंथाला हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरा आजही आपला मानतात.

या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात कानाची एक परीक्षा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात ती आधी आली होती; शार्ङ्गदेवांनी ती तारा मोजून मांडली. एकसारख्या दोन वीणा घ्यायच्या, प्रत्येकीला बावीस तारा. पहिली तार शक्य तितक्या खालच्या सुरात लावायची. दुसरी तिच्याहून किंचित वर, पण इतकीच वर, की दोहोंच्या मध्ये तिसरा आवाज ऐकू येता कामा नये. अशा बावीस पायऱ्या म्हणजे बावीस श्रुती. चौथ्या तारेवर सा, सातव्यावर रे, नवव्यावर ग, तेराव्यावर म, सतराव्यावर प, विसाव्यावर ध आणि बाविसाव्यावर नी.

आता एक वीणा तशीच ठेवायची, ती ध्रुव. दुसरी चल. चल वीणेचे सगळे स्वर एकेक श्रुती खाली उतरवत जायचे. पहिल्या उतरणीत काहीच जुळत नाही. दुसऱ्या उतरणीत चल वीणेचे ग आणि नी हे ध्रुव वीणेच्या रे आणि ध शी एकरूप होतात. तिसरीत रे आणि ध जाऊन सा आणि प ला मिळतात. चौथीत सा, म, प हे अनुक्रमे नी, ग, म मध्ये विरून जातात. हाताशी मोजपट्टी नाही, यंत्र नाही. दोन आवाज एक झाले की नाहीत याचा निवाडा फक्त कानानं करायचा. सा-प मध्ये तेरा श्रुती, सा-म मध्ये नऊ, आणि हेच संवादाचे संबंध, हा जुन्या शास्त्राचा पाया अशाच ऐकण्यावर उभा आहे. ज्या माणसाच्या हाताखालून राज्याचा जमाखर्च जात होता, त्यानं इथं आकड्याऐवजी कानाला अंतिम अधिकार दिला, ही गोष्ट फार मोलाची आहे.

सुमारे सातशे वर्षांनी महाराष्ट्रातच श्रुतींच्या मापाचा प्रश्न पुन्हा पेटला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधारे स्वर मोजले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साथीनं श्रुतींची खास पेटीही तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर कडाक्याचा वाद झाला. श्रुती नेमक्या किती कंपनांच्या, यावर जाणत्यांचं एकमत आजही नाही.

नेहमीच्या पेटीचा गंधार मात्र कुठं चुकतो ते सांगता येतं. २४० च्या सा वर सुरेल शुद्ध गंधार ३०० वर येतो. पेटी तो सुमारे ३०२.४ वर वाजवते. फरक जेमतेम, पण तंबोऱ्याजवळ बसलेल्या कानाला तो टोचतो. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती उठायला तीन दशकं लागली. बंदी टोकाचीच होती. पेटीनं घराघरांत गाणं पोचवलं हे विसरता येत नाही. तरी सुरुवातीची दोन-तीन वर्षं प्रत्येक स्वर पेटीवर दाबून मग गळ्यातून काढणाऱ्या मुलाचं नुकसान होतं. स्वर शोधायचं काम बोट करतं, कान रिकामा बसतो.

मग शिकायचं कसं? पलट्यांच्या जोडीनं उड्या घ्याव्यात: सा-रे, सा-ग, सा-म, सा-प, दर वेळी सा वर परतून. रोज दहा मिनिटं पुरतात. आधी स्वर मनात ऐकायचा, मग गायचा, आणि शेवटी पेटीवर पडताळायचा. हा क्रम उलटू द्यायचा नाही. खरी कसोटी पुढे येते, जेव्हा उडी सा वरून नसते. सा-म सहज ओळखणारा विद्यार्थी रे-प ऐकून गोंधळतो, जरी आजच्या सप्तकात अंतर तेच असतं.

त्यावर जुन्या मूर्च्छनेचा, म्हणजे त्याच स्वरांतला सा बदलण्याचा, उपाय गोड आहे. भूप राग घ्यावा: सा रे ग प ध. तंबोरा बाजूला ठेवून याच पाच स्वरांतल्या रे ला सा मानलं, की मध्यमाद सारंग उभा राहतो. ग ला सा मानलं तर मालकंस, प ला मानलं तर दुर्गा आणि ध ला मानलं तर धानी. एकही स्वर जागचा हललेला नसतो. हललेला असतो तो फक्त ऐकणाऱ्याचा सा. संध्याकाळच्या वर्गात गुरुजी पेटीवर भूपाचे स्वर वाजवत राहतात आणि न सांगता हळूच गंधारावर मुक्काम करू लागतात. मुलं काही वेळ भूपच ऐकत असतात. मग एखादी मान वर होते, शेजारचीला कोपरानं खुणावते, आणि वर्गात कोणीतरी दबक्या आवाजात मालकंसाचं नाव घेतं.